सोड म्हटलं की सोडायचं

“तूच ‘सोड’ म्हणालास की!”

रंगा इंगवल्यानं हे माझ्या अंगावर पडल्या पडल्याच सांगितलं. आम्ही दोघं गोलच्या तोंडाशी एकमेकांत गुंतून पडलो होतो. त्याचा गुडघा माझ्या बरगडीत होता, माझी उजवी करंगळी भलत्याच दिशेला वळली होती, आणि त्यानं हाणलेला बॉल माझ्या खांद्यावर आपटून आमच्याच गोलात जाऊन बसला होता.

“म्हणालो ना! दोनदा म्हणालो!” मी कळवळून ओरडलो. “मग सोडला का नाहीस?”

“सोडला की. चांगला जोरात सोडला. तूच मधी तडमडलास.”

सराव बघायला जमलेली मुलं हसून हसून लोळत होती. प्रोफेसर सबनीस धोतराचा सोगा सावरत, शिट्टी फुंकत धावत आले. ते आम्हाला गणित शिकवत. कलकत्त्याला शिकायला गेले ते फुटबॉलचं वेड घेऊन परतले, आणि कोल्हापुरात आमच्या कॉलेजची पहिली टीम त्यांनीच उभी केली. संस्थानी काळ होता. अकरा जणांत बूट होते चौघांकडे, बाकीचे पायाला पट्ट्या गुंडाळून खेळत.

उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. रंगा जुन्या पागा तालमीत वाढलेला; कुस्तीबरोबर तिथं फुटबॉलही चाले. त्या तालमीत ‘सोड’ म्हणजे हाण, दे लांब भिरकावून. मी मनोहर बेडेकर, मिरजेचा, टीमचा गोलकीपर. माझ्या लेखी ‘सोड’ म्हणजे तू बाजूला हो, मी घेतो. दोघंही मराठीच बोलत होतो आणि दोघांनी मिळून आपल्याच गोलात गोल घातला होता.

“आजपासून या शब्दाचा एकच अर्थ,” सबनीस सर म्हणाले. “कीपर ‘सोड’ म्हणाला की बॅकनं पाय मागं घ्यायचा. बॉल पायाशी असला तरी. मागं वळून बघायचं नाही, विचार करायचा नाही. सोड म्हटलं की सोडायचं.”

रंगानं डोकं खाजवलं. “आणि कीपर आलाच न्हाई तर?”

“येईल. येणार नसेल तर तो ‘सोड’ म्हणेलच कशाला?”

सगळ्यांना ते पटलं. मला तर फारच पटलं.

सांगायला सोपं होतं, पण रंगाच्या पायाला ते शिकवायला मला दोन महिने लागले. त्या माणसानं जन्मात कुणासाठी काही सोडलेलं नव्हतं. त्याचे वडील दरबारच्या पागेत घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार होते. गल्लीतून मॅट्रिक झालेला तो पहिला मुलगा. सबनीस सरांनी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे शब्द टाकला, मुलगा टीमला उपयोगी आहे, वर्तन चांगलं आहे, म्हणून त्याला बोर्डिंगात फुकट जागा मिळाली होती. बी.ए. व्हायचं हा त्याचा एकच धोशा. इंग्रजी कविता तो धार काढल्यासारखी एका लयीत पाठ करी आणि आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करत असू. त्याचा त्याला काही राग येत नसे. मला तो ‘बेड्या’ म्हणे.

रोज संध्याकाळी मी त्याला माझ्याकडे पाठ करून उभं करी. कुणीतरी समोरून बॉल मारी, मी मागून ओरडे, “सोड!” पहिले आठ दिवस तो दर वेळी हाणायचाच. मग कपाळाला हात लावून म्हणायचा, “पाय ऐकत न्हाई गा, बेड्या.” पुढं पुढं पाय ऐकू लागला. पण मान वळे, मी येतोय की नाही ते बघायला. तेही मी मोडलं. “माझ्यावर विश्वास नाही का तुझा?” असं एकदा जरा लागेल असं बोललो. तो ओशाळला. त्यानंतर त्यानं मान वळवली नाही.

त्या हंगामात शील्डच्या स्पर्धेत आम्ही एकामागून एक मॅच जिंकत गेलो, त्याचं निम्मं श्रेय या एका शब्दाला होतं. उपांत्य सामन्यात दोन धटिंगण फॉरवर्ड अंगावर येत असताना मी “सोड” म्हणालो, रंगानं पाय असा अलगद मागं घेतला की ते दोघं त्याच्या पायाकडेच बघत राहिले, आणि मी पुढं झेपावून बॉल पोटाशी धरला. मॅच सुटल्यावर त्यानं माझ्या पाठीत गुद्दा घातला.

“आता तू झोपंत म्हणालास तरी सोडीन बघ.”

इतका आनंद मला पुढं बी.ए. होऊनसुद्धा झाला नाही.

शील्डच्या अंतिम सामन्यात आमच्यासमोर आली ती नेमकी जुनी पागा तालीम. म्हणजे रंगाची गल्ली, रंगाचा वस्ताद, लहानपणापासून ज्यांच्याबरोबर तो खेळला ती माणसं. गावात कुजबुज सुरू झाली. आमचा कॅप्टन घोरपडे सरदारघराण्यातला, मनानं सरळ, पण कान जरा हलके. तो आदल्या दिवशी सबनीस सरांपुढं म्हणाला, “इंगवल्याला उद्या बसवू या, सर. ऐन वेळी फितूर झाला तर?”

कोल्हापुरात माणसाला एक वेळ चोर म्हटलेलं चालेल, फितूर म्हटलेलं चालत नाही. रंगा तिथं नव्हता म्हणून बरं.

“रंगा फितूर होणार नाही,” मी म्हणालो. “मी जामीन राहतो त्याला.”

सरांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मलाही माझं कौतुक वाटलं.

सामन्याला सगळं गाव लोटलं होतं. एका बाजूला पागेची माणसं हलग्या आणि घुमकी घेऊन बसलेली. शिट्टी ऐकू येईना. पागेचा सेंटर फॉरवर्ड दौलू खराडे पैलवान गडी. त्यानं गल्लीतल्या चांभाराकडून बूट करून घेतले होते आणि तळव्याच्या चामड्यातून खिळ्यांची टोकं बाहेर आली होती. पूर्वार्धात त्याचा पाय घोरपड्याच्या नडगीवर बसला आणि मोजा फाटून रक्त बुटात उतरलं. मी ते अगदी जवळून बघितलं. तेव्हाचे नियमही वेगळे. कीपरला बॉलसकट धक्का देऊन गोलात ढकललं तरी गोल धरत. मध्यंतराला लिंबाची फोड चोखत होतो तरी माझं तोंड कोरडंच होतं.

रंगा त्या दिवशी खेळला तसा परत कुणी खेळताना मी पाहिलं नाही. आपल्याच गल्लीच्या माणसांना त्यानं गोलच्या आसपास फिरकू दिलं नाही. पागेची माणसं त्याला आईबहिणीवरून शिव्या देत होती, त्यात त्याचा सख्खा चुलता होता.

शेवटची चार-पाच मिनिटं राहिली. गोल कुणाचाच नव्हता. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅच. तेवढ्यात मैदानाच्या मध्यावरून कुणीतरी बॉल उंच हाणला. तो रंगाच्या समोर टप्पा खाऊन आला, अगदी त्याच्या डाव्या पायावर. त्यानं नुसता पाय लावला असता तरी बॉल पन्नास हात लांब गेला असता. बॉलच्या मागून दौलू धावत येत होता. बॉल माझ्या आवाक्यातला होता. मी दोन पावलं पुढं आलो आणि रोजच्या सवयीनं ओरडलो, “सोड!”

रंगानं पाय मागं घेतला. मान वळवली नाही.

बॉल त्याच्या बाजूनं संथ माझ्याकडे यायला लागला. पाच-सहा पावलांचं अंतर. मी जायला हवं होतं. पण दौलूनं रंगाला ओलांडलं आणि त्याचा उचललेला बूट मला खालच्या बाजूनं दिसला. खिळ्यांची टोकं उन्हात चकाकली. माझे पाय जिथं होते तिथंच राहिले. सबबी मी पुढं पुष्कळ शोधल्या, टप्पा फसवा होता, ऊन डोळ्यांवर होतं. खरं एवढंच की मी भ्यालो. दौलूनं बॉल गोलात ढकलला, मला स्पर्शसुद्धा न करता.

रंगानं मग मान वळवली. बॉलकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

मॅच संपल्याची शिट्टी झाली आणि जे व्हायला नको होतं तेच झालं. पागेची सगळी माणसं मैदानात घुसली, आणि दौलूला सोडून त्यांनी रंगाला खांद्यावर घेतलं! “आपल्या रक्ताचा हाय! तालमीला जागला गडी!” त्याच्या डोक्यावर गुलाल ओतला, गळ्यात झेंडूचा हार घातला. मघाशी शिव्या देणारा चुलता त्याचे पटापट मुके घेत होता. रंगा खाली उतरायची धडपड करत काहीतरी ओरडत होता, पण हलग्यांच्या कडकडाटात त्याचं कोण ऐकतो? आमच्या बाजूनं एकच शब्द येत होता. “फितूर! फितूर!”

आमच्या टीमच्या तंबूत आला तेव्हा तो नखशिखांत गुलालानं माखला होता. हार त्यानं काढला होता, पण एक पिवळी पाकळी कानामागं चिकटून राहिली होती.

“पाय का मागं घेतलास, इंगवले?” सबनीस सरांनी शांतपणे विचारलं.



“तो काय सांगणार?” जखमी पाय धरून बसलेला घोरपडे म्हणाला. “गुलाल सांगतोय की!”

सर माझ्याकडे वळले. “बेडेकर, तू ‘सोड’ म्हणाला होतास?”

रंगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी आता सांगेन आणि हा घोळ मिटेल, अशी त्याची खात्री होती. रोज संध्याकाळी मीच त्याला ती खात्री बाळगायला शिकवलं होतं.

हो म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आलाच असता: मग तू गेला का नाहीस?

“नाही वाटतं, सर,” मी म्हणालो. “हलग्या वाजत होत्या... मला नाही वाटत.”

त्या ‘वाटतं’चा आडोसा मी पुढं कितीतरी वर्षं घेत राहिलो. आपण खोटं बोललो नाही, आपल्याला फक्त तसं वाटलं, असं मनाशी घोकत राहिलो.

रंगानं खाली मान घातली. “माझ्या कानाला भास झाला असंल, सर,” तो म्हणाला.

आठवड्याच्या आत बोर्डिंगातली त्याची जागा गेली. ज्या वर्तनाच्या शब्दावर ती मिळाली होती तो शब्दच सरांनी मागं घेतला. सर तरी काय करणार? रंगा ट्रंक घेऊन निघाला तेव्हा सगळे वर्गात होते. मी पोट दुखत असल्याचं सांगून खोलीवर थांबलो होतो. ट्रंकेची एक कडी मी धरली, एक त्यानं. तशी ती फाटकापर्यंत नेली.

“तालमीत काय म्हणतात?” शेवटी मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“तितं खरं सांगितलं. म्हटलं, मी तुमच्यासाटनं न्हाई सोडला. तर वस्ताद म्हणला, मग तू आमच्याविरुद्ध मनापास्नं खेळत हुतास व्हय रं? तालमीचं दार बंद केलं मला.” तो जरासा हसला. “तिकडनंबी गेलो, हिकडनंबी गेलो.”

“मी उद्या सरांना सांगतो, रंगा. शपथ.”

त्यानं कडी माझ्या हातातून घेतली आणि ट्रंक डोक्यावर ठेवली. “त्येवढ्या हलग्यांत मला दुसरं काय बी ऐकू आलं न्हवतं, बेड्या. तुझा आवाज तेवढा आला.” मग म्हणाला, “सांग उद्या.”

दुसऱ्या दिवशी सरांचा तास नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरापर्यंत गेलो आणि बाहेरून परतलो. मग परीक्षा आली. उन्हाळ्यात सबनीस सर कलकत्त्याला नोकरी घेऊन गेले आणि मला, सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं झालं.

मी शिक्षक झालो, मग हेडमास्तर. मुलांना खरं बोलायला शिकवलं, खोटं बोलणाऱ्यांना छड्या मारल्या. चोवीस वर्षांनी बदली होऊन कोल्हापुरात आलो, आणि पहिल्याच वर्षी शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावणं आलं. कॉलेजच्या पहिल्या टीमचा कीपर म्हणून माझा मोठा मान! मांडवात स्पर्धेचे अध्यक्ष म्हणून घोरपडे बसला होता, केस पिकलेला, हातात चांदीच्या मुठीची काठी.

मैदानात एका टीमचा कीपर मोठा चलाख होता. बॉल बॅकच्या पायाशी आला की तो ओरडे, “आलो!” आणि ओरडायच्या आत निघालेला असे. बॅक बाजूला होई, बॉल कीपरच्या हातात. एकदा, दोनदा, पाच वेळा. ‘आलो’ असं ओरडणारा कीपर मी कुठं पाहिला नव्हता.

“कुणी तयार केलीत ही मुलं?” मी विचारलं.

घोरपडे हसला. “आपला फितूर! एस. टी.त ड्रायव्हर आहे. कीपर त्याचाच पोरगा, धनाजी. बाप फितूर असला तरी पोरं बरी तयार केलीत हं.”

मध्यंतरात मी मैदानाच्या कडेनं चालत गेलो. रंगा खाकी पँटवर साधा सदरा घालून लिंबं चिरत होता. मला बघून उठला, हात पुसले, नमस्कार केला.

“या, सर. बसा.”

‘बेड्या’ म्हणाला असता तर बरं झालं असतं.

“रंगा, तुझा मुलगा ‘सोड’ का म्हणत नाही?” मला तेवढंच सुचलं.

“ ‘सोड’ म्हणणाऱ्याला यावं लागत न्हाई, सर,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, मुलांना समजावून सांगतात तसं तो सांगत होता. “ ‘आलो’ म्हटलं की यावंच लागतं. म्हणून शब्द बदलला.”

माझे डोळे भरून आले. चोवीस वर्षं साठवलेलं मी एका दमात बोलून टाकलं: मीच ओरडलो होतो, मीच भ्यालो, मीच तंबूत खोटं बोललो. त्यानं ऐकून घेतलं. हातातलं लिंबू चिरून पुरं केलं.

“हे मला कशाला सांगतासा? मी तितंच हुतो की.” त्यानं मांडवाकडे बघितलं. “ज्यास्नी ठाऊक न्हाई त्यास्नी सांगा. माझं काय, झालं माझं. पर धनाजीला अजून ‘फितुराचा’ म्हणत्यात. परवा मारामारी करून आला. त्यो बक्षीस घ्यायला येईल तुमच्याकडं. त्या वक्ताला माईक असंल, घोरपडे सरकार असत्याल, निम्मी पागा असंल. दोन वाक्यं बोला. बास.”

“बोलतो,” मी म्हणालो. “आज नक्की बोलतो.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला आठवत असणार, फाटकापाशी मी असंच काहीतरी म्हणालो होतो.

“ ‘आलो’ म्हणा,” तो म्हणाला.

“आलो,” मी म्हणालो.

धनाजीची टीम जिंकली. शील्ड घ्यायला तो आला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “फितुराचा हाय न्हवं?” आणि चार माणसं हसली. मुलाचे कान लाल झाले. शील्ड देताना त्याचा हात माझ्या हातात आला, बापासारखाच राकट. घोरपड्यानं माईक माझ्यापुढं सरकवला. “बोला, हेडमास्तर. आपला तो जमाना सांगा मुलांना.”

रंगा मैदानाच्या कडेला, लिंबांची पाटी हातात घेऊन उभा होता. माझ्याकडे बघत होता.

पहिल्या रांगेत माझ्या शाळेचे शिक्षक होते, संस्थेचे चिटणीस होते, माझी बायको होती, दोन मुली होत्या. मी तोंड उघडलं. खिळे नव्हते, दौलू नव्हता, कुणी अंगावर येत नव्हतं. पाच-सहा पावलांचंच अंतर.

“विद्यार्थी मित्रहो,” मी म्हणालो, “खेळ आपल्याला शिस्त शिकवतो...”

दहा मिनिटं बोललो. खिलाडूवृत्तीवर बोललो, एकमेकांवरच्या विश्वासावर बोललो. भाषण चांगलं झालं, असं सगळेच म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी मैदानाच्या कडेला बघितलं. रंगानं पाटी खाली ठेवली होती. तोही टाळ्या वाजवत होता.